मान थोरलीचा, कढई धाकटीची

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले दादा, बोटांना विसावा द्या. आणि ते मागच्या खांबाला टेकलेले मामा — हो, तुम्हीच! — त्यांना शेजारच्यानं हलवून जागं करा. आज मी एक प्रश्न विचारणार आहे, आणि झोपलेल्या माणसाला त्याचं उत्तर सापडायचं नाही.

प्रश्न असा — हट्ट कशाला म्हणायचं, आणि निश्चय कशाला?

सोपं वाटतंय ना? आत्ता कुणीतरी मनात म्हणालं, "महाराज, मी करतो तो निश्चय आणि बायको करते तो हट्ट!" — हसा, हसा! पण तिकडे बायकांच्या बाजूला बघा, एकही हसत नाहीये. त्यांच्याकडे हेच उत्तर उलटं तयार आहे! अहो, दोघांची मान सारखीच ताठ. दोघंही म्हणतात, "जीव गेला तरी मागं हटणार नाही." मग ओळखायचं कसं? कपाळावर लिहिलेलं असतं का?

रानात जाऊन तप करणाऱ्यांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्यात. आज मी तुम्हाला रानात नेत नाही. स्वयंपाकघरात नेतो. चुलीपुढं! आणि तिथं काय शिजतंय? शिजत काही नाही, भाजतंय. फुटाणे! मसाल्याचे, लालभडक, खमंग फुटाणे. — आलं पाणी तोंडाला? गिळा. आख्यान संपल्याशिवाय काही मिळायचं नाही.

करंजवडी नावाचं एक गाव. डोंगराच्या कुशीतलं, ओढ्याकाठचं. गावाचा देव भैरोबा. आता सगळ्या देवांना काय लागतं? शिरा, पुरी, खीर, मोदक. करंजवडीच्या भैरोबाला लागतात तिखट फुटाणे! का? अहो, तो गावाचा राखणदार! शिवेवर उन्हातान्हात उभा. राखणीला बसलेल्या माणसाला कुणी ताट वाढून नेतं का? त्याच्या धोतराच्या सोग्यात काय बांधलेलं असतं? मूठभर फुटाणे. जे राखणदाराला, तेच देवाला. असा साधा हिशोब आहे त्या गावाचा, आणि मला तो फार आवडतो.

हे फुटाणे विकत आणायचे नाहीत. घरी भाजायचे. आणि तो मान एकाच घराचा — शेडग्यांच्या घराचा. त्या घराला एक नेमही होता. पाडव्याची पुरणपोळी खाल्ली की त्या दिवसापासून चैत्रातल्या यात्रेपर्यंत घरात हरभरा बंद! दाणा नाही, डाळ नाही, बेसन नाही. पिठलं नाही! अहो, शेतकऱ्याच्या घरात पिठलं नाही म्हणजे काय हाल होत असतील विचार करा! देवानं खाल्ल्यावर मग घरानं खायचं. म्हणजे काय झालं? भाजणाऱ्या बाईनं फुटाणे चाखून बघायचे नाहीत. मीठ बरोबर आहे का, तिखट किती झालंय, खुसखुशीत झाला की नाही — काही कळायचं नाही. सगळं हातावर, नाकावर आणि कानावर!

त्या घरात दोन जावा होत्या. थोरली हौसाबाई, धाकटी मथुरा. हौसाबाईचा मसाला असा, की मिरच्या कुटायला घेतल्या तर वेशीपर्यंत बातमी जायची. आणि मथुराचं भाजणं! वाळूनं भरलेल्या कढईत हरभरे टाकले, की ती डोळे मिटून आवाज ऐकायची आणि बरोबर वेळेला झारा घालायची. दोघींवर सासूची नजर. सासू होती तोवर घर एक, चूल एक, आणि भैरोबाही खूश.

सासू श्रावणात गेली. दिवाळीला वाटण्या झाल्या.

शेत वाटलं — भांडण नाही. बैल वाटले — भांडण नाही. विहिरीच्या पाण्याचे वार ठरले — एक शब्द नाही. आणि भांड्यांपाशी येऊन गाडी अडली! मान थोरल्या घराकडे जाणार, हे ठरलेलं. पण फुटाण्यांची ती मोठी काळी लोखंडी कढई कुणाची? हौसाबाई म्हणाली, "मान माझा, तर कढई माझी!" मथुरा म्हणाली, "कढईपुढं घाम मी गाळला, तर कढई माझी!" पंचांनी डोकं खाजवलं आणि काय केलं? मान आणि पाटा-वरवंटा थोरलीला, कढई आणि वाळू धाकटीला! वा रे पंच! म्हणजे एकीकडे देव, दुसरीकडे देवाची कढई.

झालं! अंगणात भिंत आली. बोलणं बंद.

पण मंडळी, बायकांचं बोलणं बंद होतं म्हणजे काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. तोंड बंद होत नाही! मथुरा भिंतीपलीकडून तिच्या म्हशीशी बोलायची, हौसाबाई अलीकडून तिच्या कोंबडीशी. "काय गं म्हसाबाई, काही लोकांच्या घरात उजाडत न्हाई वाटतं अजून?" "कोंबडे, काहींना दुसऱ्याच्या घरात डोकावल्याबिगर चैन पडत न्हाई बघ!" म्हैस बिचारी रवंथ करतेय, कोंबडी बिचारी दाणे टिपतेय, आणि दोघींच्या नावानं महाभारत चाललंय.

पाडवा झाला, यात्रा जवळ आली तसे उत्सव कमिटीचे दिनकरराव हौसाबाईच्या दारात आले. माणूस वाईट नव्हता हो! गावाच्या सोयीचं बघणारा होता. म्हणाले, "हौसावहिनी, यंदा त्रास घेऊ नका. म्हातारी गेली, घर वेगळं झालं, कढईबी तुमच्याकडं न्हाई. तालुक्याला मसाला चण्याची पाकिटं मिळतात. छान, स्वच्छ. माणशी एक वाटून टाकू."

हौसाबाई सारवत होती. हात शेणानं भरलेला, तशीच उठली. "दिनकर भावजी, देवापुढं पाकीट फोडणार व्हय?"

"तसं न्हवं वहिनी, पण वेळेला नैवेद्य नसला तर गाव मला धरील."

"नैवेद्य असंल."

"आणि न्हाई झाला तर?"

"न्हाई झाला तर मान सोडते! शेडग्यांचा मान त्या दिवशी संपला म्हणा. पर माझ्या जिवात जीव हाये तोवर भैरोबा घरचे फुटाणे खाईल!"

बघा! शब्द दिला. आता मंडळी, हा हट्ट की निश्चय? — अं हं! घाई नको. पुढं ऐका.

हौसाबाईनं पदर खोचला. घरातले हरभरे काढले. सरावाचे घाणे आधी करून बघायचे, मग यात्रेचा नैवेद्य. कढई नव्हती, तर ॲल्युमिनियमची पातळ कढई घेतली. वाळू नव्हती, तर जाडं मीठ तापवलं. हरभरे टाकले, उलथन्यानं हलवले, हलवले, हलवले! दंड भरून आले. हरभरे काळे पडले, पण फुटायचं नाव नाही! चढवला त्यांच्यावर मसाला. दिसायला झकास!

पण चाखणार कोण? स्वतः खायचं नाही. नवरा सर्जेराव — त्यालाही नेम. दारात शेळी बांधलेली, तिला दोन दाणे टाकावेत म्हणून हात पुढं केला, तर सर्जेराव म्हणतो, "अगं, शेळी बी घरचीच की!" झालं, शेळीलाही नेम! मग शेजारच्या नामाआप्पांना बोलावलं. वय झालेलं, तालुक्याच्या डॉक्टरकडून नवी कवळी आणलेली. त्यांनी ऐटीत एक दाणा तोंडात टाकला. कट्! असा आवाज झाला! सर्जेराव म्हणाला, "वा! फुटला!" नामाआप्पांनी तोंडातून हळूच बाहेर काढलं — हरभरा शाबूत, कवळी फुटली!

गावभर बोंब झाली. त्या दिवसापासून हौसाबाईच्या दारावरून जाताना लोक तोंडावर हात ठेवून जायचे.

आणि भिंतीपलीकडे मथुरा म्हशीला म्हणाली, "म्हसाबाई, हरभरे आधी कोमट शेकायचे असतात. मग त्यांना मीठ-हळदीच्या पाण्याचा हात मारायचा, आन रातभर गोणपाटाखाली दडपून ठिवायचे. तवा ते मनानं फुटतात. न्हाईतर दगडच की गं!"

स्वच्छ ऐकू आलं! म्हशीला हरभऱ्याचं काय करायचंय? ते हौसाबाईसाठीच होतं. आणि हौसाबाईनं काय केलं? ऐकून घेतलं आणि मनात म्हणाली, "ती सांगते ना, मग तसं न्हाईच करणार!" आता आलं का लक्षात? शिकायचं असतं तर गुरू भिंतीपलीकडे उभा होता, फुकट! पण गुरू म्हशीशी बोलत होता ना. म्हणून हिला ऐकू आलं, आणि पोचलं नाही.

दुसरा घाणा. हौसाबाईनं हरभरे थेट पाण्यात भिजत घातले — भिजवून तर बघू! फुगले, टम्म झाले. भाजता भाजता थोडे फुटलेसुद्धा. तिला इतका आनंद झाला की कढई चुलीवरून न उतरवताच तिखट ओतलं! तापलेल्या कढईत कोरडं तिखट! आई आई आई! धूर उठला, गल्लीभर ठसका! सर्जेराव अंगणात, शेळी खुंट्याला, कोंबडी कौलावर — सगळे खाकरताहेत. वेशीतला भैरोबाचा पुजारी शिंकला म्हणतात!

भिंतीपलीकडून खोकत खोकत आवाज आला, "म्हसाबाई! तिखट — खॉक् — कढई उतरवून घालत्यात गं! तेलाचा हात लावायचा आधी — खॉक्! — दाण्याला!"

"कोंबडे!" हौसाबाई डोळे पुसत ओरडली. "मसाल्याचं मला शिकवायचं काम न्हाई! आख्खा जन्म मसाला मी केलाय!"

ते खरंच होतं हो. पण तिचा मसाला आजवर मथुरानं उतरवून ठेवलेल्या फुटाण्यांवर पडत आला होता. आचेवर काय होतं, हे तिला कधी बघावंच लागलं नव्हतं. दोघींच्या हातातलं अर्धं अर्धं काम होतं, आणि वाटणीत ते अर्धं अर्धंच वाटलं गेलं. आपल्याकडं काय कमी आहे, हे तिला चुलीनं दाखवलं. पण मान्य करील ती हौसाबाई कसली!

तिसरा घाणा. बाईच्या चिकाटीला मात्र हात जोडा! बोटं पोळलेली, डोळे लाल, पण पहाटे उठून पुन्हा चुलीपुढं! कंबर धरत होती, उठत होती, बसत होती. सर्जेराव म्हणाला, "आगं, पाकिटं आणू दे की त्या दिनकरला! देव काय रागावतोय?" तर म्हणाली, "देव रागावणार न्हाई. मी माझ्यावर रागावंन. तुम्ही जळण आणा."

हा घाणा बरा जमला. दाणे फुटले, मसाला बसला. नामाआप्पा काही यायचे नाहीत, म्हणून कानाजवळ दाणा धरून नखानं फोडला — कुर्र! ऐकलं? कुर्र! जिंकली की हो बाई! आनंदात गरमागरम फुटाणे डब्यात भरले आणि गच्च झाकण लावलं. वारा लागू नये म्हणून! सकाळी झाकण उघडलं, तर आत सगळे मऊ! वाफ धरली, सादळले. दाबला तर चपटा झाला! उसळ करावी असे फुटाणे!

त्या दिवशी पलीकडून काही आवाज आला नाही. मथुरानं म्हशीला काही सांगितलं नाही. आणि मंडळी, हौसाबाईला त्याचंच जास्त लागलं. ती भिंतीजवळ जाऊन उभी राहिली, कान देऊन. पलीकडे नुसती रवंथ. सादळलेल्या डब्यासकट ती तिथंच बसली. आपण हरतोय, हे तिला पहिल्यांदा खरं वाटलं. रडली, हो. मोकळी रडली.

यात्रेच्या आदल्या दिवशी गावाची रीत होती — मूठ घालायची. प्रत्येक घरानं मूठभर हरभरा मानाच्या घरी आणून द्यायचा. नैवेद्य कुणा एका घराचा होऊ नये, सगळ्या गावाचा व्हावा. घरोघरच्या बायका आल्या. "भैरोबाच्या नावानं!" म्हणायच्या, हौसाबाईपुढच्या दुरडीत मूठ रिकामी करायच्या, जायच्या. काही जणी दुरडीकडं बघून हसू दाबत होत्या. दिनकरराव दारात येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, पाकिटांचा टेम्पो सांगून ठेवलाय बरं का. नसती वेळ आली तर..." हौसाबाईनं पुढची मूठ दुरडीत घेतली.

आणि सगळ्यांत शेवटी कोण आलं? मथुरा.

उंबऱ्याबाहेरच थांबली. आत आली नाही. पदराखालून मूठ काढली. जन्मभर जी बाई याच घरात बसून गावाची मूठ घेत होती, ती आज परकी होऊन मूठ द्यायला आली होती. वेगळी चूल, म्हणजे वेगळं घर, म्हणजे मूठ घालायलाच पाहिजे! तिनं हात लांब केला. "भैरोबाच्या नावानं," म्हणाली. हरभरे दुरडीत पडले. एक एक दाणा निवडलेला, खडा नाही, किडका नाही. आणि वळून गेली.

काय झालं असेल हौसाबाईला? मी सांगतो. कढई गेली तेव्हा तिला राग आला होता. भिंत घातली तेव्हा राग आला होता. आज राग आला नाही. आज फक्त दुखलं. तिनं दुरडीत हात घातला आणि स्वतःलाच विचारलं, "हौसे, तू काय म्हणून शब्द दिलास? फुटाणे मीच करीन म्हणून? की भैरोबा घरचे फुटाणे खाईल म्हणून?"

मंडळी, थांबा! पुन्हा ऐका. "मीच करीन" — की — "देव खाईल"? दोन्ही वाक्यं तिनं एकाच दमात एकच समजून धरली होती. तीन घाणे जळले, सादळले, कवळी फुटली, तेव्हा कुठं ती दोन वाक्यं वेगळी झाली!

बाई उठली. दुरडी डोक्यावर घेतली, आणि भिंतीला वळसा घालून थेट धाकटीच्या दारात. मथुरा म्हशीला वैरण टाकत होती. म्हैस मध्ये होती, बोलायची सोय होती! पण हौसाबाईनं म्हशीकडं बघितलं नाही.

"मथुरा, कढई दे."

मथुरा वैरण टाकतच राहिली. "देत न्हाई."

हौसाबाईचा चेहरा उतरला. तरी हटली नाही. "मग मी हितंच बसते."

"कढई एकटी कुणाच्या घरी जात न्हाई, आक्का," मथुरा म्हणाली. "मला बी न्यावं लागतंय तिच्याबरोबर."

"मग उठ की! म्हशीला काय जन्मभर वैरणच टाकणार हायेस?"

अशी त्यांची क्षमा! "माझं चुकलं" नाही, गळ्यात गळा नाही. कढईचा एक कान एकीनं धरला, दुसरा दुसरीनं, आणि भिंतीला वळसा घालून दोघी आल्या. सर्जेराव बघतच राहिला. मग त्याला एकच सुचलं — तो न सांगता जळण आणायला गेला.

संध्याकाळी हरभरे कोमट शेकले. हळद-पाण्याचा हात मारला, गोणपाटाखाली दडपले. यात्रेच्या दिवशी पहाटे चूल पेटली. वाळू तापली, इतकी की वर हात धरवेना. मथुरानं मूठ मूठ हरभरे टाकले. टप्! टप्टप्! टपाटपाटप! डोळे मिटून ऐकतेय, झारा फिरवतेय — "आता!" म्हणाली, की चाळणीत. वाळू खाली, फुटाणे वर. हौसाबाई तेलाचा हात लावते, मसाला चोळते, धुतलेल्या धोतरावर पसरते. झाकायचं नाही, वारा खाऊ द्यायचा! दोघी बोलत नव्हत्या. हात बोलत होते.

आणि मग मथुरा थांबली. धोतरावरचे फुटाणे बघत म्हणाली, "आक्का, दिसत्यात चांगलं. पर चवीचं काय? गावापुढं जायचंय. कमिटी टपून बसलीय."

"नेम हाय. कोण चाखणार?"

"मी चाखते." मथुरानं एक दाणा उचलला. "माझी चूल वेगळी, माझं घर वेगळं. मला नेम लागू न्हाई. परक्यानं चाखलं तर नैवेद्य उष्टा हुत न्हाई."

बघा, वाटणीचा फायदाच दाखवला तिनं! खरंच होतं तिचं. नामाआप्पांना चालतं, तर हिला का चालू नये? दाणा ओठाजवळ गेला...

...आणि हौसाबाईनं तिचं मनगट धरलं! घट्ट! "मथुरा. खरं सांग. पाडव्यापासून हरभरा खाल्लास तू?"

मथुरा मनगट सोडवू लागली.

"पिठलं? भजं? काय तरी?"

मथुरानं मान खाली घातली. "न्हाई आक्का."

परकी म्हणून मूठ घातली, पण नेम घरचा पाळला! भिंतीपलीकडे, कुणी बघत नसताना, कुणी विचारत नसताना! "पर आता खाते," मथुरा म्हणाली. "तुझा मान राहू दे. माझा नेम मोडला तर मोडू दे."

"न्हाई मोडायचा!" हौसाबाईनं दाणा तिच्या बोटांतून काढून घेतला आणि धोतरावर टाकला. "तू या घरची हायेस. घरच्या माणसानं देवाआधी खायचं न्हाई!"

मंडळी, आयुष्यात माणसाला पुष्कळ जण वाढतात. ताट भरून वाढतात. पण तोंडातला घास अडवून "तू घरची आहेस" असं म्हणणारं कुणी भेटलं, तर समजा, तुमचं घर अजून उभं आहे. मथुरा तिथंच, चुलीपुढं, पदर तोंडाला लावून रडली. हौसाबाई म्हणाली, "रडू नगंस, वाळू भिजंल."

आता इथं एक गंमत झाली, ती त्या दोघींना माहीत नव्हती. तुम्हाला सांगतो! त्या घरात मीठ कोण घालायचं? सासू! शेवटचा मिठाचा हात तिचाच असायचा. सासू तर गेली. मथुरा धोतरावर हात फिरवत होती, तेव्हा तिच्या मनात आलं — आक्काच्या ध्यानात नसेल. अळणी झाले तर आक्काची अब्रू जाईल. हौसाबाई दुरडी आणायला आत गेली, तशी मथुरानं पटकन मुठीनं मीठ शिंपडलं आणि वर-खाली केलं. मग मथुरा वाळू ओतायला अंगणात गेली. हौसाबाईच्या मनात आलं — मथुराचं मिठाकडं लक्ष नसेल. अळणी झाले तर लोक भाजणारीला नावं ठेवतील. तिनंही मुठीनं मीठ शिंपडलं! एकमेकीला सांगितलं का? नाही! उपकार कुणी बोलून दाखवतं का?

देवळात गर्दी. ढोल वाजतोय. दिनकररावांचा टेम्पो पाराखाली उभा, पाकिटांनी भरलेला. दोघी जावा आल्या — दुरडी मध्ये, चार हात दुरडीला. पुजाऱ्यानं भैरोबापुढं मूठ ठेवली. भैरोबाच्या नावानं चांगभलं! आणि मग प्रसाद. पहिली मूठ कमिटीला. दिनकररावांनी फुटाणा तोंडात टाकला. कुर्रर्र! सभामंडपाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. गावानं श्वास धरला.

दिनकररावांचा चेहरा बदलला. डोळे बारीक झाले. "वहिनी... खारट झालेत की हो!"

संपलं! लोक एकमेकांकडे बघू लागले. शब्द काय दिला होता? नैवेद्य झाला नाही तर मान सोडते! पण हौसाबाई पुढं झाली. म्हणाली, "मीठ मी घातलं. चूक माझी. मथुराचं भाजणं चोख हाय, तिला कुणी बोलायचं न्हाई."

"आक्का, गप!" मथुरा दुरडी सोडून पुढं आली. "मीठ मी घातलं! चूक माझी! तिचा मसाला न्हाई चुकला!"

"तू कधी घातलंस? मी घातलं!"

"तू आत गेलीस तवा! तू कधी?"

"तू वाळू वतायला गेलीस तवा!"

काय झालं ते दोघींना एकदम कळलं. गावालाही कळलं. वाटणीच्या दिवशी याच दोघी याच गावापुढं "माझी कढई, माझी कढई" म्हणून भांडल्या होत्या. तेच गाव आता त्यांना "माझी चूक, माझी चूक" म्हणून भांडताना बघत होतं.

पारावरचे नामाआप्पा पुढं आले. कवळी दुरुस्त करून आणलेली! त्यांनी बकाणा भरला, चावला, आणि म्हणाले, "काय वाईट हाय रं? आपला देव राखणीला उन्हात हुबा आसतो, घामानं निथळतो. घामेजल्या माणसाला मीठ जास्तच लागतंय!"

हशा पिकला! दिनकररावसुद्धा हसले. टेम्पोवाल्याला हातानं खूण केली — ने माघारी! गाव घटाघटा पाणी पीत होतं, आणि फुटाणे खात होतं. दुरडीत एक दाणा उरला नाही. दोघी जावांच्या वाट्याला शेवटी दुरडीच्या तळाची मूठ आली, सालं आणि मसाला. पाडव्यापासूनचा नेम त्यांनी त्या मुठीवर सोडला.

आता प्रश्नाचं उत्तर द्या! हट्ट कोणता आणि निश्चय कोणता? चुलीपुढं तीन घाणे भाजणारी हौसाबाई तीच, आणि दुरडी डोक्यावर घेऊन भिंतीला वळसा घालणारी हौसाबाई तीच. जोर तेवढाच, जिद्द तेवढीच! पण पहिल्या वेळी ती "मी" राखत होती. दुसऱ्या वेळी नैवेद्य राखत होती. ज्याच्यासाठी आपण अडून बसलो ते मागं पडलं आणि आपण अडून बसलोय एवढंच उरलं, की समजा हट्ट आहे. आणि ते पोचावं म्हणून स्वतःचं नाक खाली करायची ताकद आली, की समजा निश्चय! सोपा नाही हो तो. तिखटाच्या धुरात डोळे उघडे ठेवण्यापेक्षा अवघड आहे.

ही करंजवडीची गोष्ट झाली. आता तुमची! या मंडपात मी मघापासून बघतोय. दोन सख्खे भाऊ बसलेत — एक या टोकाला, एक त्या टोकाला. नावं घेत नाही, घाबरू नका! दोन मैत्रिणी बसल्यात, मध्ये चार जणी जाणूनबुजून बसवून. कुणाची बांधावरून भिंत, कुणाची भांड्यावरून, कुणाची तर कशावरून तेच आठवत नाही — पण भिंत मात्र रोज सारवतात! तुम्ही देवाला काय मागता? "देवा, घराला सुख दे." अरे, पण घरात माणसं किती उरलीत ते आधी मोजा की! "माझी कढई" असं तुम्ही किती वेळा म्हणालात? "माझी चूक" असं शेवटचं कधी म्हणालात? आठवतंय का? नाही आठवत ना? मग आजच करा, म्हणजे आठवायला जवळ पडेल.

आजचा प्रसाद फुटाण्यांचा आहे. होय, मसाल्याचे! ताई-माईंनी सकाळपासून घरी भाजलेत, मीठ एकदाच घातलंय, मी विचारून घेतलंय. तुमच्या हातावर मूठ पडली की तोंडात टाकू नका. उठा. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्यापर्यंत चालत जा, आणि ती मूठ त्याच्या हातावर ठेवा. काही बोलायची गरज नाही. मग माझ्या पाया पडायला या. त्याच्या आधी आलात, तर मी पाय मागं घेईन!